गोदाघाटावर थ्रीडी प्रोजेक्शन: आधी भिंत बघा

मंडळांसाठी गणपतीचे देखावे करता करता मी या कामात आले, म्हणजे प्रोजेक्टरने इमारतीच्या भिंतीवर चित्रं पाडून ती उठावदार, खोल भासवायच्या कामात. नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, त्यामुळे हल्ली बरीच मुलं विचारायला येतात, आणि पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा असतो. ते शिकता येतं. भिंतीची निवड चुकली तर मात्र पुढचं काहीच सावरत नाही.

काळारामाचं देऊळ काय, नारोशंकराचं काय, दगड काळाच. तो प्रकाश पिऊन टाकतो. चुना दिलेली वाड्याची भिंत बहुतेक प्रकाश परत देते. म्हणून तेच चित्र वाड्यावर झळाळतं आणि देवळावर मळकट दिसतं. काळ्या दगडासाठी नाजूक रंग नकोतच. ठळक पांढऱ्या, केशरी कडा वापरा.

आता हिशोब. २० मीटर रुंद, १२ मीटर उंच दर्शनी भाग म्हणजे २४० चौरस मीटर. २०,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरचा एकूण उजेड) प्रोजेक्टर तिथे सरासरी ८३ लक्स (दर चौरस मीटरला पडणारा उजेड) देतो, तेही सगळा उजेड भिंतीवरच पडला तर. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. भिंतीवर आधीपासून जेवढा उजेड आहे, तोच तुमचा सगळ्यात गडद काळा. शेजारच्या हॅलोजनचे २० लक्स भिंतीवर पडत असतील तर सावल्या फिक्या पडल्या, आणि चष्म्याशिवायचं थ्रीडी उभं राहतं ते सावल्यांवरच. लक्समीटर घेऊन अंधार पडल्यावर जागेवर जा, दुपारी जाऊन उपयोग नाही.

लेन्सचा थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर २० मीटर रुंदीसाठी ३० मीटर अंतर लागतं. घाटावर तेवढं मागे गेलं की कधी रस्ता येतो, कधी नदीचं पात्र. ०.८ ची लेन्स घेतली तर १६ मीटरवर भागतं, पण मग प्रोजेक्टर गर्दीत येतो. परांची बांधून तो डोक्यांच्या वर चढवा. पावसाळ्यात खालच्या पायऱ्यांवर काहीच ठेवू नका. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीभोवती पाणी चढतं.

भिंतीचं थ्रीडी मॉडेल संगणकावर फोटोंवरून बनतं, त्यासाठी ढगाळ दिवशी फोटो काढा, म्हणजे उन्हाच्या सावल्या येत नाहीत. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. दरवाजाची रुंदी टेपने मोजा, म्हणजे माप बसवता येतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा प्रोजेक्टरजवळ नाही, प्रेक्षक उभे राहतील तिथे, डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. मग सॉफ्टवेअरमधलाच एक दिवा कोनाड्यावरून हळूहळू सरकवा. कोनाड्याच्या काठाखालची सावली पसरत गेली की दगड पुढे आल्यासारखा वाटतो. मला स्फोट आणि कोसळणाऱ्या भिंतींपेक्षा हे कितीतरी जास्त आवडतं. बाजूला उभ्या असलेल्यांना खोल भास वाकडा दिसतो, म्हणून असे प्रसंग थोडेच घ्या.

काळारामाची गोष्ट सांगणार असाल तर १९३० चा मंदिरप्रवेश सत्याग्रह त्यात असलाच पाहिजे. तो गाळून केलेल्या कार्यक्रमाला मी हात लावणार नाही.

परवानगीसाठी महापालिका, पोलीस, देवस्थान, आणि वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभाग. दगडात एकही खिळा नाही. ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद. भिंतीवर पडणारे दिवे झाका किंवा वळवा, पण पायऱ्यांवरचे चालूच ठेवा. म्हातारी माणसं आणि कडेवर पोरं घेतलेल्या बाया त्याच ओल्या पायऱ्यांनी उतरत असतात.