अमरांना स्वर्गाचा कंटाळा येईल का? अभ्यासवर्गात हा प्रश्न कसा चर्चेला घ्यावा

हा प्रश्न चर्चेला घेताना ‘हो’ किंवा ‘नाही’ असा कौल लगेच मागू नये. आधी कोणता स्वर्ग अभिप्रेत आहे, ते ठरवून घ्यावे. गीतेतील स्वर्ग (अध्याय ९, श्लोक २१) पुण्य सरेपर्यंतचाच असल्यामुळे तिथे गेलेला माणूस कायमचा रहिवासी नसतो. म्हणून ‘पुण्य कधीच सरले नाही तर?’ अशी अट सुरुवातीलाच घालावी.

त्यानंतर महाभारताच्या वनपर्वातील मुद्गलाची कथा वाचावी आणि तिला भरपूर वेळ द्यावा. कुरुक्षेत्रात शेतात सांडलेले दाणे वेचून राहणाऱ्या या ऋषीला न्यायला विमान येते, तेव्हा तो आत पाऊल टाकण्याआधी देवदूताला स्वर्गाचे गुण आणि दोष दोन्ही विचारतो. (हा चोखंदळपणा मला फार आवडतो.) देवदूत सांगतो की तिथे भूक, तहान आणि म्हातारपण नाही, घाम येत नाही, गळ्यातल्या माळा कोमेजत नाहीत, परंतु पूर्वी केलेल्या कर्माचे फळ तेवढे भोगायचे, नवे कर्म करता येत नाही, आणि फळ सरले की पतन ठरलेले. मुद्गल विमान परत पाठवतो. त्याच्या नकाराचे मुख्य कारण पतन हेच आहे, हे वर्गापासून लपवू नये. मात्र आपण घातलेल्या अटीने पतन वगळले, तरी करण्यासारखे काहीच न उरण्याचा दोष शिल्लक राहतो, आणि कंटाळ्याचे मूळ तिथेच शोधावे.

‘तेच ते घडले की कंटाळा येणारच’ असे कोणी म्हणेल. त्याला रोज तोच हरिपाठ म्हणणारा वारकरी दाखवावा. तुकोबांच्या एका अभंगात स्वर्गातले अमरच मृत्युलोकी जन्म मागतात, तेही कीर्तन करता यावे म्हणून. त्यांना नावीन्याची नव्हे, तर कृतीची ओढ आहे.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वज्ञाचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला युक्तिवाद यानंतरच मांडावा: स्वभाव तोच राहिला, तर अनंत काळात माणूस कंटाळेल, स्वभाव पूर्ण पालटला, तर पुढे जगणारा तो माणूस आपणच आहोत असे म्हणता येणार नाही. माझ्या मते यातला पहिला भाग कच्चा आहे, कारण वारकऱ्याचे उदाहरण त्याने सुटत नाही.

चर्चा मोक्षाकडे वळू लागल्यास तिथेच थांबवावी. मोक्षात भोगणारा वेगळा उरतो की नाही, यावरच अद्वैत आणि द्वैत मतांचा वाद असल्याने त्या विषयाला स्वतंत्र बैठक लागते.