जुन्या गाडीचं इंजिन गेलं? दुरुस्ती की भंगार ठरवताना या चुका टाळा

मे २०१८. सातारला मावशीकडे निघालो होतो आणि खंबाटकीचा घाट अर्धा चढून झाला होता. पुढे ट्रकची रांग, मागे आई-बाबा. एसी गार हवा देईना म्हणून मी त्याच्याच बटणाशी खेळत राहिलो आणि टेंपरेचरचा काटा कधी वर जाऊन टेकला ते पाहिलंच नाही. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली तेव्हा गाडी बाजूला घेतली. नंतर ती चालू झाली नाही. २००६ची पेट्रोलवरची छोटी गाडी, बाबांनी घेतलेली पहिलीच. टो करून धनकवडीला आणली. ज्याने पहिल्यांदा बघितली त्याने वरूनच सांगून टाकलं, "इंजिन गेलं. भंगारात घाला, मी पंधरा हजार मिळवून देतो."

आम्ही भंगारात घातली नाही. १९ हजारांत ती पुन्हा रस्त्यावर आली आणि पुढे साडेसहा वर्षं चालली. जानेवारी २०२५मध्ये इंजिन परत गेलं, तेव्हा मात्र आम्ही ती स्क्रॅपला दिली. दोन्ही निर्णयांबद्दल मला आजही खात्री आहे. पण दोन्ही वेळी चुका करता करता थोडक्यात वाचलो होतो आणि ओळखीच्या कितीतरी लोकांना त्याच चुका करताना पाहिलंय.

"इंजिन गेलं" हे निदान समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इंजिन गेलं हे तक्रार सांगणारं वाक्य आहे. नेमकं काय गेलं, हा प्रश्न तसाच राहतो. पाचशे रुपयांचा सेन्सर मेला तरी गाडी बंद पडते आणि कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला तरी बंदच पडते.

आमच्या मिस्त्रींनी त्या दिवशी काय केलं ते जवळून पाहिलं. आधी डिपस्टिक काढली, ऑइल दोन बोटांत चोळलं आणि उजेडात धरलं. दुधाळ, चहासारखा रंग. म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) ऑइलमध्ये उतरलंय. मग लांब पाना घेऊन क्रँकच्या पुलीचा बोल्ट हाताने फिरवला. इंजिन अख्खा फेरा फिरलं. "जाम नाही झालेलं, हेड गॅस्केट उडालंय," म्हणाले. म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील. पुढे चारही प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतलं. दोन सिलिंडर ठीक, आणि शेजारशेजारचे दोन पार खाली. शेजारचे दोन एकदम पडले की बहुतेक वेळा दोघांच्या मधलं गॅस्केट जळालेलं असतं, पिस्टन-रिंगा नव्हे. हे सगळं तासाभरात झालं, इंजिनाचा एकही मोठा बोल्ट न खोलता.

पुली हाताने फिरत नसेल तरी लगेच हाय खाऊ नका. आधी बेल्ट काढून पुन्हा फिरवायला सांगा. कधीकधी एसीचा कॉम्प्रेसर किंवा आल्टरनेटरचं बेअरिंग जाम झालेलं असतं आणि बिचाऱ्या इंजिनाचं नाव खराब होतं. स्टार्टरचा दातेरी गिअर फ्लायव्हीलमध्ये अडकला तरी इंजिन हलत नाही. याउलट स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय आणि इंजिन काही पकडत नाही, असं असेल तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्या. अशा वेळी धक्का स्टार्ट करू नका. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, आणि सोसायटीतली चार मुलं मदतीला येऊन धक्का मारतात तेव्हा उरलेसुरले व्हॉल्व्हही वाकतात.

इंजिन बंद पडण्याआधी खालून ठक-ठक आवाज येत होता का, ऑइलचा लाल दिवा लागला होता का, हेही आठवून सांगा. ऑइल काढून फिल्टर कापून बघितला आणि त्यात चकाकणारी धातूची पूड दिसली, तर बेअरिंग खाल्लं गेलंय. तिथून खर्चाची पायरीच बदलते. कॅमेरा असलेली बारीक नळी प्लगच्या भोकातून आत घालून सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे आहेत का तेही दिसतं. आजकाल ही नळी पुण्यातल्या बऱ्याच गॅरेजांत असते, मागून घ्या.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा चालू करून बघणं

२५ सप्टेंबर २०१९ची रात्र पुणेकर विसरलेले नाहीत. आंबिल ओढ्याला पूर आला आणि पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या. जुलै २०२४मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पुन्हा तेच झालं. नदीपात्रात उभ्या केलेल्या गाड्यांचं तर दर पावसाळ्यात ठरलेलं आहे. माझ्या एका मित्राची गाडी दारापर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर त्याने फक्त "बघू तरी" म्हणून चावी फिरवली.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर येऊ पाहतो, अडतो, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. म्हणजे पाणी काढून, ऑइल आणि फिल्टर बदलून कदाचित सुटणारी गाडी त्या एका चावीने हाफ इंजिनच्या (खालचा ब्लॉक-पिस्टनचा भाग नव्याने बांधण्याच्या) खर्चावर जाते. बॅटरीची वायर काढा, टो करा, प्लग काढून मगच इंजिन हाताने फिरवू द्या. विमा कंपन्या असा दावा बऱ्याचदा याच मुद्द्यावर नाकारतात की पाण्यानंतर गाडी चालू करून पाहिली, म्हणून नुकसान वाढलं. इंजिनासाठीचं वेगळं संरक्षण पॉलिसीत नसेल तर वाद आणखी अवघड होतो, आणि जुन्या गाडीला ते सहसा मिळतही नाही. गाडी पाण्यात असतानाचे फोटो मात्र काढून ठेवा.

घाटात तापलेल्या गाडीलाही घाई चालत नाही. गरम रेडिएटरची टोपी उघडू नका, चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतू नका, हेडला चीर जाऊ शकते.

इंजिन खोलायला सांगताना थांबायची जागा न ठरवणं

"खोलल्याशिवाय काही सांगता येत नाही," हे मिस्त्री खरंच बोलतात. पण एकदा इंजिन उतरून टेबलावर मांडलं की मालकाचा निर्णय जवळजवळ झालेलाच असतो. अर्धी खोललेली गाडी दुसऱ्या गॅरेजला नेता येत नाही, विकता येत नाही, आणि "आता एवढं केलंच आहे तर" सुरू होतं.

आम्ही कागदावर तीन टप्पे लिहून घेतले. पहिला टप्पा फक्त हेड उतरवायचं आणि लेथवर पाठवून बेंड आणि चीर तपासायची. फेसिंगवर (हेडचा तळ घासून सपाट करण्यावर) भागलं तर पुढे गॅस्केट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, कूलंट, ऑइल, सगळं मिळून २० हजारांच्या आत. हेडला चीर निघाली तर फोन करायचा, आमच्या होकाराशिवाय पुढे जायचं नाही. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) खराब निघाला तर तिथेच थांबायचं, फक्त उतरवण्याची मजुरी द्यायची. मिस्त्रींना हे आवडलं, कारण नंतरची कटकट त्यांनाही नकोच असते.

एक गोष्ट मागे लागून विचारा: हे झालं कशामुळे? आमच्याकडे रेडिएटरचा खालचा होज कित्येक महिने पाझरत होता. तो तसाच ठेवून नवं गॅस्केट टाकलं असतं तर सहा महिन्यांत पुन्हा तिथेच आलो असतो. जुने, बदललेले भाग परत मागून घ्या.

फक्त इंजिन बघणं, बाकीची गाडी न बघणं

माझं स्पष्ट मत आहे की हा निर्णय इंजिनाकडे बघून घ्यायचाच नसतो. इंजिन पैशाने नवं होतं. पत्रा होत नाही. २०१८मध्ये गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा खालून ठणठणीत होती. २०२५मध्ये तीच गाडी वर घेतली आणि मिस्त्रींनी डावीकडच्या दाराखालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आत गेला. चटईखाली फ्लोअर ओलसर आणि पापुद्रे सुटलेला. पुढच्या शॉकअबसॉर्बरच्या वरच्या माउंटिंगपाशी गंज आला होता, आणि मला तेवढं पुरेसं होतं. तिथला पत्रा सुटला की चाकच जागा सोडतं. त्या वेळी इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर दगडावर आपटून फुटला होता, लाल दिव्यासकट दोन किलोमीटर चालवल्यामुळे बेअरिंगं गेली होती. इंजिन बांधायला ५२ हजार सांगितले होते. बांधता आलं असतं. पण त्या पत्र्यावर आई-बाबांना बसवायची माझी तयारी नव्हती.

मग कागद बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर फिटनेस तपासून ५-५ वर्षांसाठी वाढते. १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२पासून ५ हजार रुपये आहे, गाडी २० वर्षांपुढे गेली की ऑगस्ट २०२५पासून १० हजार. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये जादा. शिवाय पर्यावरण कर वेगळा. आरसीवरची तारीख सहा महिन्यांवर आली असेल तर हा खर्च दुरुस्तीच्याच बेरजेत धरा. दिल्लीतला डिझेल १० आणि पेट्रोल १५ वर्षांचा नियम पुण्याला लागू नाही. "आता १५ वर्षं झाली, गाडी बादच होणार" असं सांगून स्वस्तात गाडी उचलणारे भेटतात, त्यांना आरसीची तारीख दाखवा.

बाजारात गाडीची किंमत ७० हजार आणि दुरुस्ती ४८ हजार, म्हणून लोक घाबरतात. पण तुम्ही गाडी विकायला निघालेला नाही. पत्रा चांगला आहे, आरसी तीन वर्षं बाकी आहे, आणि दुरुस्तीनंतर तीन वर्षं चालेल असं मिस्त्री म्हणतात, तर ४८ हजारांचे महिन्याला १,३३३ रुपये होतात. तेवढ्यात दुसरी कुठलीही गाडी दारात उभी राहत नाही. त्याच ४८ हजारांनी जेमतेम वर्ष मिळणार असेल तर महिन्याला ४ हजार पडतात, आणि मग गोष्ट वेगळी.

मागच्या दिवाळीला टाकलेले टायर आणि बॅटरी या बेरजेत आणू नका. ते पैसे दोन्ही बाजूंनी गेलेलेच आहेत.

दुसऱ्या गाडीचं इंजिन कागदांशिवाय बसवणं

अपघातात गेलेल्या गाडीचं चांगलं इंजिन स्वस्तात मिळतं आणि कधीकधी तोच शहाणपणाचा रस्ता असतो. पण इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की आरसीवरचा नंबर आणि गाडीतला नंबर जुळत नाहीत. बिल, ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद, आणि आरटीओत बदलाची नोंद, हे तिन्ही होणार असेल तरच घ्या. नाहीतर पुढे फिटनेसला, विम्याच्या दाव्याला किंवा विकताना अडकाल. बसवण्यापूर्वी त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन तुमच्यासमोर घ्यायला लावा.

"नंतर बघू" म्हणून उभी ठेवणं

हेड उतरवलेलं किंवा पाणी गेलेलं इंजिन उभं राहिलं की सिलिंडरला गंज धरतो. उंदीर वायरिंग खातात, टायर बसतात. रस्त्यावर उभी असेल तर महापालिका बेवारस म्हणून उचलू शकते. महिन्याच्या आत ठरवाच.

भंगारवाल्याला नुसती गाडी देऊन मोकळं होणं

रोख पैसे हातात पडतात, गाडी जाते, आणि आरसी तुमच्या नावावरच राहते. तिची नंबरप्लेट किंवा चासीचा तुकडा उद्या कुठल्या गाडीवर लागला तर पोलीस तुमच्याच दारात येतील. गाडी कायमची बाद झाली की तसं आरटीओला १४ दिवसांत कळवावं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं.

आम्ही सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात दिली. यादी परिवहनच्या पोर्टलवर मिळते. आधी गाडीवरची ई-चलनं भरली, कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलाय ना ते पाहिलं (कर्ज कधीच फिटलं होतं, पण बँकेची नोंद तशीच होती, त्यात तीन आठवडे गेले). केंद्र वजनावर भाव देतं. त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारा, आणि टो करून न्यायचा खर्च कोणाचा, बॅटरी नसेल तर किती कापणार, हे आधीच लिहून घ्या. गाडी दिल्याचं प्रमाणपत्र मिळतं ते फार जपून ठेवा. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि रोड टॅक्समध्येही सवलत मिळते. केंद्र सरकारच्या नियमात खासगी गाडीसाठी ती २५ टक्क्यांपर्यंत आहे, प्रत्यक्ष किती ते राज्य ठरवतं. गाडी तोडल्याचं प्रमाणपत्र नंतर येतं. तेही आलं की पोर्टलवर नंबर टाकून आरसी रद्द झालेली दिसते का ते स्वतः बघा.

विमा रद्द करताना नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) राखून ठेवल्याचं पत्र कंपनीकडून मागा. तीन वर्षांत दुसरी गाडी घेतली तर तो तिकडे लावता येतो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत साठलेला असेल तर रक्कम लहान नसते. फास्टॅग बँकेत बंद करा, काचेवरून नुसता खरवडून काढू नका, खात्यातली शिल्लक परत मिळते. आमच्या गाडीचा टॅग बंद करायचा राहिला होता, बाबांच्या लक्षात आलं तेव्हा टोचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी पोचला होता.