स्वस्त काडतुसांनी रायफल अडकते? या चुका टाळा

अमेरिकेत पॉइंट टू-टूची (०.२२ इंची बारीक काडतुसाची) सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल घ्यायची म्हटलं की पहिलं नाव निघतं ते रुगर १०/२२ चं. १९६४ पासून ती बाजारात आहे. रायफल घेतली की आपण ५०० काडतुसांचा सगळ्यात स्वस्त डबा उचलतो आणि रेंजवर दर मॅगझिनला (रायफलीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीला) एकदा तरी अडकून बसतो. ओहायोच्या थंडीत माझी एक आख्खी दुपार अशी गेली. बोल्टची, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याची, स्प्रिंग बदलायची ठरवूनच मी घरी आलो होतो. स्प्रिंगला काहीही झालेलं नव्हतं.

या रायफलीत बोल्टला कुलूप नसतं. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच तो बंद राहतो. बार उडाला की रिकामी पुंगळी मागे ढकलली जाते आणि तीच बोल्टला मागे लोटते. म्हणजे बोल्ट किती मागे जाणार हे काडतुसाच्या जोरावर ठरतं. हाय व्हेलॉसिटी काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण १,२०० फुटांच्या वेगाने सुटते, स्टँडर्ड व्हेलॉसिटीची १,०७० च्या आसपास. काडतूस कमजोर असलं की बोल्ट अर्ध्यावरूनच परततो आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच उभी अडकते. कधी पुंगळी बाहेर पडते, पण बोल्ट पुढच्या काडतुसाच्या मागे पोचत नाही आणि रिकाम्या चेंबरवर (नळीत काडतूस बसतं त्या जागेवर) मिटतो. म्हणून स्प्रिंगला हात लावण्याआधी एक मॅगझिन चांगल्या हाय व्हेलॉसिटी काडतुसांचं चालवून बघा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे चाप ओढल्यावर नुसतं ‘टक’ झालं की लगेच बोल्ट ओढणं. बार उशिरा उडू शकतो. नळी निशाणाकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, मगच काडतूस काढा. आवाज ‘फुस्स’ असा दबका आला, तर पुढचा बार अजिबात नको. गोळी नळीतच असू शकते. रायफल पूर्ण रिकामी करा, नळी आरपार मोकळी आहे का ते तपासा.

काढलेलं काडतूस फेकू नका, त्याच्या बुडाची कड उजेडात धरून बघा. पॉइंट टू-टूमध्ये पेट घेणारा मसाला मधोमध नसतो, त्या कडेच्या आत गोल पसरलेला असतो. चाप ओढल्यावर कडेवर आदळणाऱ्या पिनची खूण ठसठशीत असूनही बार उडाला नसेल, तर बहुधा त्या जागी मसालाच पोचलेला नाही, दोष काडतुसाचा. खूण पुसट असेल तर बोल्टमधली घाण काढा, तो पूर्ण मिटतोय का बघा.

माझ्या बाबतीत बोल्ट पूर्ण मिटतच नव्हता. गोळ्यांवर मेणाचा थर होता आणि चेंबरच्या पुढच्या टोकाला मेण, शिसं आणि काजळीचं कडं जमलं होतं. नवं काडतूस केसभर बाहेर राहायचं. अशा वेळी बोल्ट तळहाताने ठोकून बसवायचा मोह होतो. तसं कधीच करू नका, कड चेपली तर बोल्ट उघडा असतानाच बार उडू शकतो. काजळी सोडवणारं सॉल्व्हंट लावलेला ब्राँझचा ब्रश चेंबरमध्ये चार-पाच वेळा फिरवला, कोरड्या चिंधीने पुसलं, पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची काजळी टूथपिकने काढली. पुढच्या खेपेला तीच स्वस्त काडतुसं पुष्कळ नीट चालली.

साफ केल्यावर तेल ओतू नका. न जळलेली दारू तेलात कालवली जाते आणि काळा चिखल होतो. बोल्ट जिथे घासतो तिथे बोटाने पुसटसं तेल पुरे. चेंबर कोरडं हवं.

मॅगझिनांवर १, २, ३ असे आकडे घाला. एकाच आकड्याला रायफल अडकत असेल तर काडतुसांना बोल लावू नका, दोष त्या मॅगझिनचा.

स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ जिंकलं तो ५० मीटरचा प्रकारही पॉइंट टू-टूचाच, पण तिथे दर काडतूस हाताने भरायचं असतं, त्यामुळे बोल्ट मागे जाण्याइतका जोर नसला तरी चालतं. आपल्या रायफलीला तो लागतो. म्हणून ५०० चा डबा घेण्याआधी तीन वेगवेगळ्या प्रकारांच्या ५०-५० च्या पेट्या आणा, साफ रायफलीतून प्रत्येकीची तीन मॅगझिनं चालवा आणि कुठे काय अडकलं ते तिथल्या तिथे पेटीवरच लिहा. घरी निघताना हात साबणाने धुवा, बोटांना शिसं लागलेलं असतं.