घोट्याचं फ्रॅक्चर: नुसतं अक्षर सांगून मोकळे होऊ नका

नवा निवासी डॉक्टर एक्स-रेची फिल्म उजेडाला धरतो आणि म्हणतो, "सर, वेबर बी." बरं, पुढे? पुढे शांतता. वेबरच्या वर्गीकरणात फिब्युला, म्हणजे पायाच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड, सिंडेस्मोसिसच्या (घोट्याच्या वर पायाची दोन हाडं बांधून ठेवणारा जोड) खाली मोडला तर ए, पातळीवर मोडला तर बी, वर मोडला तर सी. एवढं पाठ असलं की झालं वर्गीकरण! अरे, बीमधला घोटा पक्का आहे की डळमळीत, हे ते अक्षर सांगतच नाही. त्यासाठी आतली बाजू बघावी लागते. पाय १५-२० अंश आत वळवून घेतलेल्या मॉर्टिस फिल्ममध्ये (यात घोट्याची खोबण सरळ दिसते) आतल्या बाजूची सांध्याची फट ४ मिलिमीटरच्या वर दिसली की मी सावध होतो. शंका राहिली तर स्ट्रेस फिल्म, म्हणजे घोट्यावर ताण देऊन घेतलेली, नाहीतर पायावर वजन देऊन फिल्म.

दुसरी चूक माझीच. निवासी होतो तेव्हा बीडकडचे एक ऊसतोड मामा आले. ट्रॉलीवरून उतरताना पाय पिळलेला, आतून सूज, घोट्याच्या फिल्मवर हाड साबूत. "मुरगळलाय," म्हणालो, क्रेप बँडेज बांधलं, घालवून दिलं. तीन आठवड्यांनी मामा लंगडतच परत. आमच्या सीनियरनी काही न विचारता गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला अंगठा दाबला आणि मामा ओरडले. फिब्युला तिथं वर, त्या हाडाच्या मानेपाशी मोडला होता; खाली सिंडेस्मोसिस उघडलेला. मेझोनव्ह या फ्रेंच सर्जननं १८४० साली लिहून ठेवलेली गोष्ट मी अर्ध्या मिनिटाच्या आळसापायी हुकवली. मामांना ऑपरेशन आणि स्क्रू, आणि हंगाम गेला तो वेगळाच. तेव्हापासून घोटा कुठलाही असो, धोतर-पँट गुडघ्याच्या वर घ्यायला लावतो. पोरं हसतात.

मागचा मॅलिओलस, म्हणजे घोट्याच्या मागचा हाडाचा उंचवटा, साध्या फिल्मवर डोळ्यानं मोजू नका, सीटी करा. घोटा निखळून कातडी ताणलेली असेल तर फिल्मची वाट न बघता आधी सांधा जागेवर बसवा. सूज उतरून कातडीवर सुरकुत्या पडल्याशिवाय चिरायची घाई करू नका.

आता "डॉक्टरसाहेब, कामाला कधी लागू?" इथं तोंड फार लवकर उघडतं. "सहा आठवडे," म्हणतात आमचे शहाणे. सहा-आठ आठवड्यांत हाड धरतं, खरं आहे. पण सूज आणि ताठरपणा कित्येक महिने राहतो आणि काळ्या मातीत ढेकळांवरून मोळी वाहणं म्हणजे फरशीवर चालणं नव्हे. मी आधी साखर विचारतो, मग तंबाखू, मग तळव्याला मोनोफिलामेंट, म्हणजे स्पर्श कळतो का ते तपासायचा नायलॉनचा धागा, टेकवून बघतो. साखरेनं बधिर झालेल्या पायाला वजन द्यायला मी जवळपास दुप्पट वेळ थांबवतो. शेवटी मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतली आहे का, तेही विचारतो. घेतली असेल तर हा माणूस सांगितलेल्या तारखेआधीच कोयता उचलणार. म्हणून त्याच्याबरोबर त्याच्या बायकोलाही समोर बसवून तारीख सांगतो आणि केसपेपरवर अक्षराशेजारी "स्थिर" की "अस्थिर" ते मराठीतच लिहितो.