ईडीआय सुरू करायचंय? आधी आयटम मास्टर उघडा

भोसरी-चाकण पट्ट्यात छोटं युनिट असेल तर कधी ना कधी ग्राहक सांगतोच की पीओ (खरेदीची ऑर्डर) आता पीडीएफमध्ये येणार नाही, ईडीआयने येईल, म्हणजे त्यांच्या सिस्टिममधून थेट आपल्या सिस्टिममध्ये, आणि मग आपण धावत सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतो. तो फोन जरा थांबवा.

आमच्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या सगळ्या पार्टच्या यादीत, एकच वॉशर चार नावांनी बसला होता, 'वॉशर एम१०', 'एम १० वॉशर', 'प्लेन वॉशर १०' आणि एक नुसता 'चाकणवाला वॉशर'. स्टोअरवाल्याला कळायचं, सिस्टिमला कसं कळणार? म्हणून एका पार्टला एकच कोड द्या, ड्रॉइंगचं रिव्हिजन वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, बंद झालेला कोड दुसऱ्या पार्टला कधीही देऊ नका, आणि शेजारी ग्राहकाचा पार्ट नंबर जसाच्या तसा, त्यातल्या डॅशसकट.

सगळ्यात जास्त वेळ मोजमापाच्या युनिटवर (नग, सेट, किलो) घालवा. एका पीओत ५०० होतं, ग्राहकाकडे ते सेट होते, एका सेटमध्ये दोन बुश, आम्ही ५०० नग पाठवले आणि टेम्पो संध्याकाळपर्यंत गेटवर उभा. कोडही वेगवेगळे असतात बरं का, किलोला जीएसटीत केजीएस लिहितात आणि ईडीआयमध्ये बहुतेक वेळा केजीएम येतं, तेव्हा कुठला कोड कशाला जुळतो त्याचा तक्ता करून ग्राहकाकडून मेलवर मंजूर करून घ्या.

पत्त्याचंही तसंच. ग्राहकाचे चाकणला दोन प्लांट असले तरी २७ ने सुरू होणारा जीएसटी नंबर दोन्हीकडे एकच असू शकतो, त्यावरून माल कुठल्या गेटला न्यायचा ते कळत नाही, त्यासाठी प्लांट कोड किंवा १३ आकडी जीएलएन (ठिकाण ओळखायचा नंबर) मागून घ्या.

ईडीआयचं स्टँडर्ड, म्हणजे मेसेजचा साचा, कुठलं ते ग्राहकच सांगतो. एडिफॅक्ट असेल तर ऑर्डरला ऑर्डर्स, डिस्पॅचला डेसॅडव्ह आणि बिलाला इन्व्हॉइक असे मेसेज असतात, अमेरिकन ग्राहक असेल तर बहुधा एक्स१२. १४ आकडी जीटीआयएन (मालाचा जागतिक नंबर) ग्राहक मागत नसेल तर त्यामागे लागू नका. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या टर्नओव्हरला ई-इन्व्हॉइस लागू आहे, त्यात बसत असाल तर एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड), युनिट, जीएसटी नंबर ठरलेल्या साच्यात भरायची सवय तुम्हाला आहेच, तेच कॉलम पुढे वापरा.

आता सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा. एकच ग्राहक घ्या, आधी फक्त पीओ, मागचे दहा पीओ टेस्टमध्ये घालून कागदाशी ओळ न ओळ ताडून बघा, मग महिनाभर ईडीआय आणि जुनी पद्धत दोन्ही चालू ठेवा. डेसॅडव्ह मात्र टेम्पो सुटायच्या आधी गेलाच पाहिजे, नाहीतर गेटवर परत हाताने एंट्री. आणि नवीन आयटम उघडायचा पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवा, आमच्याकडे तो स्टोअरच्या ताईंकडे आहे, त्या ड्रॉइंग बघितल्याशिवाय कोड देत नाहीत.