कथकमागची सारंगी कशी ऐकावी

इंदूरमध्ये कथकचा कार्यक्रम असला की सभागृहातले सगळे डोळे नर्तकीच्या पायांवर खिळतात आणि सारंगी मात्र पार्श्वभूमीला कुठेतरी वाजत राहते. ज्या गावात ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ यांचे वडील शहामीर खाँ होळकर दरबारात सारंगी वाजवीत, त्या गावी तरी असे होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

सुरुवातीची चार-पाच आवर्तने, म्हणजे तालाचे पूर्ण फेरे, नर्तकीकडे न पाहता केवळ लेहरा, म्हणजे सारंगीवर पुन्हा पुन्हा वाजणारी एकच सुरावट, ऐकावा. तो बहुधा चंद्रकंस किंवा किरवाणी रागातला, एकाच आवर्तनात मावणारा असतो. 16 मात्रांचा तीनताल असेल तर 1, 5 आणि 13 या मात्रांवर टाळी व 9 वर खाली (टाळीऐवजी रिकामा हात) दाखवत तो मनात गुणगुणावा. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, न मोजता कळू लागली की पुढचे सारे सोपे होते.

खरी कसोटी तिहाईच्या, म्हणजे तीनदा घेऊन समेवर संपवायच्या बोलांच्या, वेळी लागते. तबला आणि घुंगरू आडव्या लयीत शिरतात, ऐकणाऱ्याचा हिशेब सुटतो, पण सारंगीची ओळ तसूभरही हलत नाही. एकदा एका नवख्या मुलीची तिहाई समेच्या एक मात्रा पुढे गेली. सारंगियांनी पुढच्या आवर्तनात समेच्या सुरावर गज किंचित दाबून ओढला आणि ती तिथेच सावरली. सभागृहात फार थोड्यांना ते कळले असेल. लेहऱ्यात ताना घेणाऱ्यापेक्षा असा आधार देणारा वादक मला मोठा वाटतो.

शक्यतो पुढच्या रांगेत, डावा हात दिसेल असे बसावे. बोटांची टोके तारेवर पडत नाहीत. नखांच्या मुळाशी असलेली कातडी तातीला (आतड्याच्या तारेला) बाजूने टेकते, म्हणूनच मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, इतकी सलग येते, आणि खालच्या पस्तीसेक तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा, तिला आस (मागे रेंगाळणारा नाद) देतात.

अभिनयाला ठुमरी किंवा दादरा सुरू झाला की लेहरा थांबतो आणि सारंगी गाणाऱ्याच्या मागोमाग चालू लागते. शब्द संपल्यावर ती त्याचा स्वर किती वेळ धरून ठेवते, इकडे कान द्यावा. वादकाला किती बंदिशी ठाऊक आहेत, ते इथेच उमगते. कार्यक्रमानंतर सारंगियांना लेहऱ्याचा राग आणि ताल अवश्य विचारावा व वहीत टिपून ठेवावा, विशेषतः 14 मात्रांच्या धमारातला किंवा 10 मात्रांच्या झपतालातला लेहरा कानी पडला असेल तर.