पहिली-दुसरीच्या वाचन-गणिताची घरची तयारी

जूनच्या खरेदीसाठी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर जाण्याआधी एक संध्याकाळ फक्त पडताळणीला द्या. बाराखडी म्हणून घेऊ नका, ती पाठ असते; अक्षरं क्रम मोडून कागदावर लिहा आणि एकेकावर बोट ठेवून विचारा. घ-ध, भ-म, ट-ठ-ढ इथे मुलं हमखास अडखळतात. जी अक्षरं अडली त्यांचीच कार्डं करा, जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू त्याला पुरते. घ आणि ध एकाच दिवशी मात्र घेऊ नका. घ पक्का झाल्यावर चार-पाच दिवसांनी ध काढा, नाहीतर गोंधळच पक्का होतो.

शब्दांची सुरुवात घर, नळ, मगर अशा कानामात्रा नसलेल्यांपासून. पहिली वेलांटी उशिरा जमते, कारण ती अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार नंतर होतो. ठाणे-वाशी लोकलने जाणं होत असेल तर फलाटावरच्या पाट्या वाचायला घ्या: आधी वाशी, सानपाडा, मग ऐरोली. तुर्भेतला रफार जोडाक्षरांपर्यंत राहू द्या. घरी वाचायला स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार मराठी गोष्टी मोफत आहेत. एका पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर खालची पातळी घ्या. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या वाचन-गणिताच्या अभियानानुसार दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचता यायला हवेत. पण घड्याळ पंधरवड्यातून एकदाच लावा, एरवी मूल अर्थ सोडून धावत सुटतं.

गणितासाठी आइस्क्रीमच्या 100 काड्या, 10 रबरबँड, दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा असं आमचं ठाम मत आहे. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल 52 लिहितं. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतो, म्हणून 39. दुसरीच्या पुस्तकात 2019 साली 'वीस पाच' अशी मांडणी आली तेव्हा मोठा वाद झाला. घरी मात्र दोन्ही वापरा: दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे, पाच सुट्या, वीस आणि पाच, पंचवीस. एकोणतीससाठी तीन गठ्ठे ठेवून एक काडी काढून घ्यायला सांगा.

वजाबाकीत 32 मधून 17 गेले की बरीच मुलं 25 लिहितात, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन काढतात. अशा वेळी पाटी बाजूला ठेवून एक गठ्ठा सोडायला लावा. बारा सुट्या काड्या समोर आल्या की हातचा म्हणजे काय ते दिसतं. आठवडाभर काड्यांवर झाल्यावरच वहीत.

रोज वाचनाला 15 मिनिटं, गणिताला 15. आई-बाबा लोकलने रात्री आठला पोचत असतील तर सकाळी आजी-आजोबांकडे सोपवा. पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचत असेल, तर या सगळ्याआधी डोळे तपासून घ्या.